दिल्लीचा ज्युनो सोड, आधी मामाचा माळा बघ

(पत्र बरंच मोठं होतं, छाटून देतेय.)

"ताई, मी कुडाळचा, वय २७, मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात कामाला. मला दोन वेडं आहेत, जुने व्हिडिओ गेम आणि जुने सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड. वर्षभर साठवून २५ हजार जमलेत. ऑनलाइन एक रोलॅण्ड ज्युनो-१०६ दिसला, ३८ हजारांना, दिल्लीचा माणूस आहे, आर्मीत आहे म्हणतो, बदली झालीय म्हणून घाईत विकतोय, ५ हजार आधी पाठव म्हणतो, बाकीचे हप्त्यात चालतील. दुसरं म्हणजे कणकवलीत एक गेम पार्लर बंद झालंय, त्याच्याकडे गोणीभर सामान आहे, दोन प्लेस्टेशन २, कंट्रोलर, वायरी, सगळं मिळून ४ हजार सांगतोय, पण म्हणतो की एक चालतो आणि एकाचं माहीत नाही. तिसरं असं की माझे मामा बोटीवर होते, ते गेले, त्यांच्या माळ्यावर थर्माकोलच्या खोक्यात एक कॅसिओ आहे आणि काहीतरी टीव्ही गेम आहे, मामी म्हणते नेतोस तर ने. पण ते जुनंपानं, कधीपासून बंद पडलंय. आई म्हणते आणखी भंगार घरात हाडू नको. स्वस्तात चांगला माल कुठे आणि कसा मिळवायचा ते सांग. – खटपट्या"

अरे खटपट्या, चार पानं लिहिलीस त्यातली अडीच पानं त्या दिल्लीच्या ज्युनोवर आणि मामाच्या माळ्यावर दोन ओळी, हे वाचून मला हसू आलं आणि थोडी चिडही आली. उलटं लिहायला हवं होतंस.

आधी ज्युनो निकालात काढू. ज्युनो-१०६ हा १९८४ चा माल, सहा आवाजांचा, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजतात, आणि आज जगभरात त्याची किंमत लाखाच्या वर जाते, तर ३८ हजाराला तो कोण कशाला देईल? आणि आर्मी, बदली, घाई, कुरियरसाठी थोडे आधी पाठवा, ही कॅसेट तर इतकी घासून झालीय की आता रीळ तुटायला आलंय. तो तुला एखादा क्यूआर कोड पाठवेल आणि सांगेल की स्कॅन कर म्हणजे तुझे पैसे परत येतील, तर लक्षात ठेव, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन मागितला की पैसे जाणार. पाठवले असशील तर लाजत बसू नको, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लाव, जितक्या लवकर तितकं बरं. नसशील पाठवले तर नंबर ब्लॉक कर आणि पुढे चल.

आता तुझा खरा प्रश्न. तू मोबाइल रिपेअर करतोस. म्हणजे तुझ्या हातात सोल्डरिंग आहे, मल्टीमीटर आहे, आयपीएची, म्हणजे साफसफाईच्या अल्कोहोलची बाटली आहे, बारीक स्क्रू उघडायची सवय आहे. बाकीचे सगळे गिऱ्हाईक चालू वस्तू शोधत फिरतात आणि चालू वस्तूला पूर्ण भाव मोजतात. तू बंद वस्तू शोध. पण कुठलीही बंद नको, जिचा आजार आपल्याला ठाऊक आहे आणि औषध शंभर-दोनशे रुपयात होतं अशी बंद. स्वस्त म्हणतात ते हेच, मालकाला वाटतं मेलंय आणि तुला ठाऊक असतं की फक्त झोपलंय.

उदाहरण देते. यामाहा डीएक्स७, १९८३ चा, खूप खपलेला. त्याच्या आत सीआर२०३२ सेल सोल्डर केलेला असतो, तो आवाजांची मेमरी सांभाळतो. सेल मेला की चालू केल्यावर स्क्रीनवर कचरा अक्षरं येतात आणि आवाज म्हणजे भूत रडल्यासारखा, मग मालक म्हणतो बोर्ड गेला. बोर्ड नाही गेला रे, सेल गेला. जुना सेल काढ, तिथे होल्डर बसव, नवा सेल टाक, मग कॉम्प्युटरवरून मिडीच्या (कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडायच्या) वायरीने मूळ आवाज परत भर, संध्याकाळभराचं काम. (आणि घ्यायच्या आधी डीएक्स७ चा आवाज तुला खरंच आवडतो का ते बघायचं असेल तर डेक्स्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हेडफोन लावून आठ दिवस वाजव, कंटाळलास तर पैसे वाचले.)

दुसरं उदाहरण माझं स्वतःचं, यात अक्कल पण आहे आणि फजिती पण. काही वर्षांपूर्वी राजापूरकडच्या एका घरात मला जपानी फॅमिकॉम मिळाला, निन्टेन्डोचा तो लाल-पांढरा, १९८३ साली जपानात आलेला. घरातले काका बोटीवर होते, त्यांनी मुलांसाठी आणलेला. घरच्यांनी सांगितलं, आणला त्या दिवसापासून टीव्हीवर कधी चित्रच आलं नाही, बिघडलेलाच गळ्यात मारला असणार. मी सातशे रुपये दिले. घरी आणून उत्साहाच्या भरात त्याचाच अॅडॅप्टर भिंतीत खुपसला. ठप्प. वास. आई आतून ओरडली काय जाळलंस. मग चष्मा लावून वाचलं तर अॅडॅप्टरवर लिहिलेलं, इनपुट १०० व्होल्ट. जपानात १०० असतात, आपल्याकडे २३०. नशीब एवढंच की अॅडॅप्टर मेला आणि यंत्र वाचलं.

आणि चित्र का येत नव्हतं ते ऐक, कारण हाच तुझा फायदा आहे. मूळ फॅमिकॉमला पिवळी-पांढरी वायर नसतेच, फक्त अँटेनाची वायर, आणि तिचं चॅनल जपानच्या टीव्हीच्या हिशोबाचं, आपले बरेच टीव्ही तिथे पोचतच नाहीत. म्हणजे त्या घरात तीस वर्षं एक धडधाकट यंत्र बिघडलेलं म्हणून पडून होतं. आतून व्हिडिओचा सिग्नल काढून छोटं एव्ही मॉड केलं की कुठल्याही टीव्हीवर चालतं, दोन-चार पार्ट लागतात, तुझ्यासारख्याला चहा थंड व्हायच्या आत जमेल.

म्हणून म्हणतेय, मामाचा माळा. आपल्या किनाऱ्यावर दर दुसऱ्या वाडीत कोणीतरी बोटीवर नाहीतर आखातात. रत्नागिरी, दापोली, वेंगुर्ला, मालवण, कुठेही जा. ऐंशी-नव्वदच्या दशकात या माणसांनी जपान, सिंगापूर, दुबईहून काय काय आणलं, ते मुंबईच्या दुकानात पण तेव्हा दिसायचं नाही. मुलं मोठी झाली, मुंबईला गेली, आणि सामान थर्माकोलसकट माळ्यावर. लॅमिंग्टन रोडला किंवा चोरबाजारात जायचं तर जा, मजा येते, पण तिथल्या माणसाला भाव तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतो, तिथे घबाड मिळणं अवघड. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादी चक्कर टाक, तुला जवळ आहे, आणि गोव्यात हॉटेलात वाजवणारे बँडवाले खूप, त्यांच्याकडे जुने कीबोर्ड निघतात, पण ते वाजवणारे लोक आहेत, फुकटात देणार नाहीत, फक्त खोटं बोलणार नाहीत.

विचारायचं कसं हे पण शिक. वाडीत जाऊन "सिंथेसायझर आहे का" विचारशील तर लोक तुला औषध विकणारा समजतील. आपल्याकडे पांढऱ्या-काळ्या पट्ट्या आणि वायर असलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे कॅसिओ, मग ती यामाहा असो, रोलॅण्ड असो की कोर्ग. माझे बाबा ऑर्केस्ट्रात रोलॅण्ड वाजवायचे आणि आयुष्यभर त्याला कॅसिओच म्हणाले. म्हणून "जुना कॅसिओ पडलाय का हो" असं विचार आणि नाव स्वतः वाच. तुझ्या मामाचा कॅसिओ कॅसिओच असेल असं धरून चालू नको. तसंच कन्सोल म्हणू नको, टीव्हीचा व्हिडिओ गेम म्हण, कार्ट्रिज म्हणू नको, कॅसेट म्हण. कॅसेट म्हटलं की चाळिशीतल्या बाप्यांचे डोळे चमकतात आणि ते स्वतःच शिडी लावतात.

वेळ पण बघ. कीबोर्डसाठी मे महिन्याचा शेवट. नमन, दशावतार, लग्नं, ऑर्केस्ट्रा सगळं आटपलेलं असतं, पुढे पाऊस, आणि ज्याच्याकडे जुना कीबोर्ड आहे त्याला ठाऊक असतं की चार महिने पडून राहिला की बुरा येणार. भजनी मंडळं मग गणपतीच्या आधी नवीन घेतात, तेव्हा जुना निघतो, पण तेव्हा मंडळाचा खजिनदार भाव करायला बसतो, त्यापेक्षा मे बरा. घरातलं सामान मात्र श्रावणात. गणपतीआधी साफसफाई निघते, माटवीचं (गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या चौकटीचं) सामान काढायला माळ्यावर कोणीतरी चढतंच, आणि तेव्हाच भंगारवाल्याची पण फेरी असते. तू भंगारवाल्याच्या एक दिवस आधी पोचायचंस, किंवा सरळ त्याच्याशी दोस्ती कर, माझी आहे, तो मला फोटो पाठवतो. त्यालाच सांगून ठेव की डबडा टीव्ही चालू मिळाला तर ठेव, कारण बंदुकीचे गेम, बदक मारायचे वगैरे, एलईडीवर चालतच नाहीत, ती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या उजेडावरच काम करते. माणसं बंदूक बिघडली म्हणून फेकतात. झोपलेली, मेलेली नाही, परत तेच.

आता कशाला हात लावायचा नाही. आपल्याकडे सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे खारं वारं आणि पाणी. वरवर गंजलेले कॉन्टॅक्ट, बुरा आलेली बटणं, चिकटलेल्या पट्ट्या, हे सगळं आयपीएने आणि मऊ ब्रशने निघतं, पट्टीखालच्या काळ्या रबरी पट्ट्या हळूच पुसल्या की मुकी पट्टी परत बोलायला लागते, याला घाबरू नको, उलट यावरच भाव पाड. पिवळं पडलेलं प्लास्टिक पण घाबरण्यासारखं नाही, दिसायला वाईट, आतून काही नाही. पण पुराचं पाणी वेगळं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा कितीतरी घरांतलं, दुकानांतलं सामान गाळात गेलं, नंतर धुऊन पुसून विकलं गेलं, विकणाऱ्याचाही दोष नाही, त्याचं सगळंच गेलेलं. खालचे दोन स्क्रू काढू द्या म्हण. आत कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची रेघ दिसली की नमस्कार करून बाहेर ये.

तसंच कोर्गचा पॉलिसिक्स नावाचा एक आहे, १९८१ चा, आवाज एकदम लोण्यासारखा, पण आतली रिचार्जेबल बॅटरी फुटून बोर्डावरचे ट्रॅक खाते, उघडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. रोलॅण्डचा डी-७० आणि त्या काळातली काही मॉडेलं, त्यात पट्ट्यांच्या वजनाला लावलेला लाल गोंद उन्हाळ्यात वितळून खाली ठिबकतो, पट्टी दाबली की वर येत नाही, साफ करायला आठवडा जातो आणि अंगाला लागला तर निघत नाही. आणि उद्या कधी खरा ज्युनो-१०६ समोर आलाच, तर की ट्रान्सपोजचं बटण दाबून धर आणि मग पॉवर चालू कर, टेस्ट मोड येतो. मग एकच पट्टी परत परत दाब, दर वेळी पुढचा आवाज लागतो, सहा आहेत, एखादा मुका किंवा खरखर करतोय का ऐक. त्याच्या आवाजाच्या चिपांवर जो लेप आहे तो म्हातारपणी दगा देतो. हे लगेच कळत नाही, यंत्र गरम झालं की कळतं, म्हणून वीस मिनिटं चालू ठेवायचं, मध्ये मालक चहा विचारतोच, घ्यायचा.

चहा पिताना बाकीची तपासणी. प्रत्येक पट्टी एकेक, हळू आणि जोरात. प्रत्येक स्लायडर वरखाली, खरखरला तर ठीक, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाईल, आवाज अचानक गायब झाला तर भाव पाड. हेडफोन आणि मोठ्या पिनचा जोड स्वतःचा ने. अॅडॅप्टर मात्र दुसऱ्याचा लावू नको, जुन्या कॅसिओला बहुतेक ९ व्होल्ट आणि आतल्या टोकाला मायनस लागतो, यामाहाला बहुतेक १२ आणि आत प्लस, पिन मात्र सारखीच दिसते. किती यंत्रं अशी मेली असतील. तुझ्याकडे मल्टीमीटर आहे, खिशात ठेव.

आता कणकवलीची गोणी. ४ हजार जास्त आहेत. प्लेस्टेशन २ हे १५ कोटींच्या वर खपलेलं यंत्र, दुर्मिळ वगैरे काही नाही, कोणी "अँटिक आहे" म्हणाला तर हसायचं फक्त. पण यंत्र चांगलं, प्लेस्टेशन १ च्या डिस्क पण त्यावर चालतात, म्हणजे एकात दोन. पार्लरचं आहे म्हणजे दिवसाला दहा तास चाललंय, लेन्स थकलेली असणार. आपली डिस्क घेऊन जा, एक निळ्या पाठीची (सीडी) आणि एक चंदेरी (डीव्हीडी), दोन्ही वाचतो का बघ, काही निळी वाचत नाहीत आणि चंदेरी वाचतात, किंवा उलट. पार्लरवाल्यांच्या यंत्रात कॉपी केलेल्या डिस्क चालवायची चिप टाकलेली असते, ती आहे का विचार, लपवणार नाही तो. आणि गोणीतल्या वायरी मोज, कंट्रोलरच्या काड्या ढिल्या आहेत का बघ, मेमरी कार्ड आहेत का बघ, माझ्या मते खरा माल तिथे आहे, चांगलं मूळ मेमरी कार्ड शोधायला गेलास तर मिळत नाही. अडीच म्हण, तीनला तोड. बंद असलेलं दुसरं यंत्र हे पार्टसाठी धर, चाललं तर लॉटरी.

गेम बॉय सापडला कुठे तर सोडू नको, १९८९ चं यंत्र, चार पेन्सिल सेलवर चालतं. स्क्रीनवर उभ्या रेघा गायब असतील तर ती खालची रिबन गरम इस्त्रीने, म्हणजे तुझ्या सोल्डरच्या इस्त्रीने, हळू शेकली की बहुतेक वेळा रेघा परत येतात. सेल फुटून आलेला पांढरा-हिरवा क्षार व्हिनेगरने जातो. कोकमाचं आगळ लावून बघितलं नाही मी, बघू पण नको, आई मारेल. आणि कॅसेट चालेना म्हणून फुंकर मारायची नाही, लहानपणी सगळ्यांनी मारली, पण तोंडातली वाफ जाऊन तेच कॉन्टॅक्ट हळूहळू खराब होतात. टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये ९९९९ गेम लिहिलेले असतील तर त्यातले खरे किती ते तुला ठाऊक आहे, तेच ते परत येतात. संग्राहक या नकली गेमना विचारत नाहीत, पण मला तोच आवाज ऐकला की शाळा सुटल्यासारखं वाटतं, म्हणून माझ्याकडे तीन आहेत. दोनशेच्या वर देऊ नको.

आता एक गोष्ट जरा अवघड. मामी म्हणते "घेवन जा रे बाबा, आता कोण वाजवतलो तो?" आणि समजा खोक्यातून खरंच काही मोठं निघालं. ज्युनोच निघाला समज. तू काय करणार? मला असे फोन येतात, "ताई, म्हातारीला काही कळत नव्हतं, पाचशेत उचलला", आणि त्यांना वाटतं मी शाबासकी देईन. अनोळखी माणसाने ज्याला किंमत नाही म्हणून टाकलं ते तू ओळखलंस, ती तुझी नजर, तिथे भाव कर, बिनधास्त कर. पण मामी ही अनोळखी नाही, मामांनी ते समुद्रावर महिनोन्महिने राहून आणलंय. तिला सांग, मामी, हे एवढ्याला जातं. मग ती म्हणेल ने तसाच, तर ने. म्हणेल की विक आणि नातवाच्या फीला दे, तर विकून दे आणि मेहनतीचे तुझे ठरवून घे. तुमच्या दोघांत काय ठरतं ते ठरू दे, फक्त तिला आकडा कळलेला असू दे. उद्या गणपतीला तुला त्याच घरात पाट मांडून जेवायला बसायचंय.

मोठं काही निघालं नाही, छोटा कॅसिओच निघाला, तरी तोंड पाडू नको. एसके-१ असेल तर तो छोटासा, ३२ बारक्या पट्ट्यांचा, त्याला माइक असतो, दीड सेकंदापेक्षा थोडं कमी रेकॉर्ड करतो आणि तोच आवाज सगळ्या पट्ट्यांवर वाजवतो. कुत्र्याचं भुंकणं, एसटीचा हॉर्न, आईचं "जेवूक ये", काहीही. सीझेड-१०१ असेल तर तो खरा सिंथेसायझर आहे, आवाज स्वतः घडवता येतात, मिडी पण आहे, दिसायला खेळणं म्हणून लोक टाकतात. यामाहाचा पीएसएस-४७० असेल तर त्याच्यावर आवाज बदलायचे बारके स्लायडर असतात, त्यांच्याशी खेळताना रात्र कशी जाते कळत नाही. या तिघांपैकी कुठलाही मिळाला तर तुझे २५ हजार तसेच राहतात आणि त्यातून तू कणकवलीची गोणी, एक चांगला कॉन्टॅक्ट क्लीनर आणि एक स्टॅबिलायझर घे, आपल्याकडचा व्होल्टेज तुला काही वेगळा सांगायला नको, आणि मृगाच्या आधी विजा सुरू झाल्या की सगळे प्लग काढून ठेव.

आईला सांग, भंगार हाडत नाहीय, मामाचं सामान सांभाळतोय. चालेल हे, बघ.

रविवारी जा. खोकं उतरवलंस की लगेच प्लग लावू नको, आधी मागची पट्टी वाच, १०० लिहिलंय की २३०, मॉडेल काय, आणि मला फोटो पाठव. सेलचा कप्पा उघडायच्या आधी टॉर्च मार, माझ्या एका यामाहात पालीने अंडी घातलेली होती, आणि पाल अजून आतच होती.